मुका मार

मराठीत एक फार नेमका शब्द आहे, मुका मार. कातडी फाटत नाही, रक्त दिसत नाही, हाडही मोडत नाही, पण आत लागलेलं असतं. मुलांच्या छातीच्या बहुतेक दुखापती या जातीच्या. म्हणून बालशल्यचिकित्सेच्या या कोपऱ्यात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांच्या आणि परिचारिकांच्या हाती सगळ्यांत आधी हा शब्दच ठेवावासा वाटतो.

सहा वर्षांचा एक मुलगा आठवतो. ट्रॉलीचं चाक छातीच्या कडेवरून गेलेलं. बनियन वर केलं तर उजव्या कुशीवर टायरची नक्षी उमटलेली. आधीच्या ठिकाणी एक्स-रे काढून ‘बरगड्या शाबूत आहेत, घरी न्या’ असं सांगितलं होतं. आजीने मात्र त्याला घरी नेलं नाही. ‘पोर रडत नाही हो, नुसतं कण्हतंय,’ एवढंच ती म्हणत होती. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले. बावन्न! या वयात ते वीस-पंचविसाच्या आसपास असतात. नाकपुड्या फुलत होत्या, बरगड्यांखाली खड्डे पडत होते. काही तासांनी पुन्हा काढलेल्या एक्स-रेत उजव्या फुफ्फुसावर पांढुरका ढग उतरलेला दिसला. पहिला एक्स-रे खोटं बोलला नव्हता, तो लवकर काढलेला होता.

असं का होतं, ते समजलं की अर्धा विषय समजला. लहान मुलाच्या बरगड्यांत कूर्चेचा भाग मोठा असतो. ओल्या फोकासारख्या त्या वाकतात आणि पुन्हा जागेवर येतात. मोठ्या माणसात जो धक्का हाड मोडण्यात खर्ची पडतो, तो इथे थेट फुफ्फुसापर्यंत पोचतो. म्हणजे बरगडी शाबूत असणं हा दिलासा धरायचा नाही. आणि ती मोडलेलीच असेल, तर मार केवढा जबर असेल याचा अंदाज घेऊन डोकं, यकृत, प्लीहा सगळं तपासायचं. तान्ह्या बाळाच्या पाठीकडच्या बरगड्या मोडलेल्या दिसल्या, तर सांगितलेली हकीकत त्याला जुळते का, हेही विचारायला हवं. हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांनी 1962 मध्ये मारहाण झालेल्या मुलांविषयी लिहिलं, तेव्हापासून या प्रश्नाकडे वैद्यकाला पाठ फिरवता येत नाही. तो विचारताना मन जड होतं. तरी विचारावा.

मुलाच्या छातीचा मध्यभाग सैल असतो. फुफ्फुसाबाहेर हवा कोंडत गेली की हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्या चटकन एका बाजूला ढकलल्या जातात. अशा वेळी एक्स-रेची वाट पाहायची नसते, आधी सुईने हवा सोडायची आणि मग नळी घालायची. स्टेथोस्कोपवरही डोळे मिटून विसंबू नका. छाती एवढीशी असते की चांगल्या बाजूचा आवाज दुसरीकडेही ऐकू येतो. दहा किलोच्या मुलात रक्त जेमतेम 800 मिलीलिटर. त्यातलं जवळजवळ एक तृतीयांश जाईपर्यंत रक्तदाब टिकून राहू शकतो. नाडी आणि गार पडलेली पावलं त्याआधीच सांगू लागतात. आणखी एक बारकी गोष्ट. रडताना मूल भरपूर हवा गिळतं. फुगलेलं पोट श्वासपटलाला वर रेटतं आणि एक साधी राइल्स ट्यूब घातली की श्वास मोकळा होतो.

अपघातग्रस्ताला पाहण्याची जी शिस्त आज जगभर एटीएलएस या नावाने शिकवतात, तिच्या मुळाशीही जखमी मुलंच आहेत. फेब्रुवारी 1976 मध्ये जेम्स स्टायनर या अस्थिशल्यचिकित्सकाचं छोटं विमान अमेरिकेत नेब्रास्काच्या शेतात कोसळलं. पत्नी जागीच गेली, मुलं गंभीर जखमी झाली. गावच्या रुग्णालयात मुलांना मिळालेले उपचार पाहून ते अस्वस्थ झाले आणि त्यातून दोन वर्षांत हा अभ्यासक्रम उभा राहिला.

छातीला मार लागलेल्या बहुतेक मुलांना मोठी शस्त्रक्रिया लागत नाही. लागतो तो ऑक्सिजन, मोजून दिलेलं सलाइन, गरजेपुरती नळी आणि वेदना पुरेशी शमवणं; कारण दुखलं की मूल खोल श्वासच घेत नाही. त्या सहा वर्षांच्या मुलाला पाचव्या दिवशी आम्ही कागदाचं भिरभिरं दिलं. पहिल्या फुंकरीला ते हललंच नाही. कुशीला हात लावून त्याने आजीकडे पाहिलं, आणि पुन्हा गाल फुगवले.