पालखी, मेणा, डोली, हातरिक्षा… आणि आपली झोळी

पावसाळा लागला की शहापूर-मुरबाडचा एक फोटो पेपरात ठरलेला. बांबूला बांधलेली चादर, दोन टोकांना दोन माणसं, आत बाळंतपणासाठी निघालेली बाई. खाली कोणी ‘डोली’ लिहितं, कोणी चक्क ‘पालखी’. मंडळी, या वस्तू एक नाहीत.

पालखीचा दांडा कमानीसारखा वाकवलेला, आत गादी-लोड, बाजू उघड्या. बसलेला माणूस दिसावा हाच हेतू! पेशवाईत पालखी हा मान होता, तिच्या खर्चाला सरकारी नेमणूक मिळायची. मेणा उलट. चौकोनी बंद पेटी, वर पडदे, म्हणजे आतली घरंदाज बाई दिसू नये. दोन्ही भोयांच्या खांद्यावर. डोली त्यापेक्षा साधी, दांड्याला टांगलेली खुर्ची किंवा पाळणा. गड-घाट चढायला ती सोयीची, म्हणून अजून टिकलीय.

हातरिक्षात चाक आलं आणि हिशोबच बदलला. वजन चाकावर गेलं, सपाटीला एक माणूस पुरतो. १८६९ च्या सुमारास ही जपानात निघाली. आपल्याला जवळची म्हणजे माथेरानची. (ते डोंगरमाथ्याचं गाव १८५० मध्ये इंग्रजांना दाखवलं ते ठाण्याच्याच कलेक्टरने, ह्यू मॅलेटने.) तिथे मोटारींना बंदी, म्हणून ९४ परवान्यांच्या हातरिक्षा राहिल्या. एकाने पुढून ओढायचं, चढाला मागून ढकलायचं. ई-रिक्षा द्या ही मागणी ओढणाऱ्यांचीच होती. ६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने ही प्रथा अमानवी ठरवून सहा महिन्यांत बंद करायला सांगितली. योग्यच केलं.

आता झोळी. तिला ना बैठक, ना पाठीला आधार. कळा येणारी बाई आत अक्षरशः दुमडली जाते. उचलणारे भोई नाहीत, मजूरही नाहीत. नवरा, दीर, शेजारी. त्यामुळे दर नाही, परवाना नाही, कुठल्या दप्तरात नोंद नाही. माथेरानच्या ९४ मोजता आल्या, झोळ्या कोण मोजणार? १०८ ची गाडी राज्यात २०१४ ला आली, पण ती डांबर संपतं तिथे थांबते. पुढे बांधावरचा चिखल, त्यात हातरिक्षाचं चाकही फिरणार नाही.

म्हणून झोळीवर बंदी घालूनही उपयोग नाही. आधी ओढ्यावर साकव पाहिजे, आणि पाड्यापर्यंत गाडी जाईल एवढा रस्ता.