इकडे बघू नका

लग्नाच्या फोटोग्राफरकडून हल्ली जे कोटेशन येतं, त्यात ट्रॅडिशनल फोटो वेगळे, कँडिड वेगळे, ड्रोन वेगळा आणि सगळ्यांच्या वर ‘प्री-वेडिंग, आउटडोअर, एक दिवस’ अशी ओळ असते. ट्रॅडिशनलवाला म्हणतो ‘इकडे बघा’, कँडिडवाला म्हणतो ‘इकडे बघू नका’, आणि बहुतेक ठिकाणी न बघण्याचे पैसे जास्त पडतात. मग पवना धरणाच्या काठावर किंवा काशीदच्या पुळणीवर तो तिच्या कानात काहीतरी सांगतो, ती खळखळून हसते, मागे सूर्य कलतो. कॅमेऱ्याची दोघांना गंधवार्ता नाही, असं ते चित्र. गंधवार्ता असतेच, आगाऊ रक्कम दिलेली असते.

या फोटोचं कूळ शोधत मागे गेलं, तर मूळ पुरुष चोर निघतो.

चोराच्या आधीच्या काळात असा फोटो शक्यच नव्हता. १८३९ साली दागेरचा शोध जाहीर झाला, तेव्हा एका चित्राला मिनिटं लागत. पुढे ती सेकंदांवर आली तरी स्टुडिओत मानेमागे लोखंडी चिमटा लावून डोकं स्थिर धरावं लागे. बाहेर जायचं तर ओली काच जागेवरच तयार करायची आणि जागेवरच धुवायची, म्हणजे रसायनं आणि काळोखा तंबू बरोबर वागवायचा. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीच निघाली होती, डॉ. नारायण दाजींसारखी हौशी मंडळी तिच्यात होती. पण नवरा-बायकोचा फोटो म्हणजे खुर्ची, कुंडी आणि मागे रंगवलेला पडदा. पडद्यावर बाग, तळं, झाडी. निसर्ग आधी स्टुडिओत आला. जोडपी निसर्गात गेली ती फार नंतर.

ती गेली त्यामागे दोन आजारी माणसांचा हात आहे. पहिला रिचर्ड मॅडॉक्स, इंग्लंडमधला डॉक्टर. ओल्या काचांच्या कामात ईथरच्या वाफा निघत, त्या त्याच्या प्रकृतीला सोसेनात. म्हणून १८७१ साली त्याने जिलेटिनच्या कोरड्या काचेची वाट दाखवली. ते दशक संपेपर्यंत इतरांनी ती काच इतकी तेज केली की सेकंदाच्या लहानशा अंशात चित्र उमटू लागलं. तिपाई सुटली, चिमटा सुटला, आणि कॅमेरा लपवता येऊ लागला.

लपवता येतो म्हटल्यावर लोकांनी तो लपवला. १८८०च्या दशकात ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ नावाची लाटच आली. १८८६चा स्टर्नचा कॅमेरा तर कोटाच्या आत छातीवर बांधायचा. थाळीएवढा चपटा गोल, भिंग बटणाच्या काजातून बाहेर डोकावणारं, आत सहा फोटोंची एक चकती. कार्ल स्टॉर्मर नावाच्या नॉर्वेजियन विद्यार्थ्याने १८९०च्या दशकात तो बांधून ओस्लोच्या मुख्य रस्त्यावर फेऱ्या मारल्या. समोरून ओळखीचं कोणी आलं की नमस्कार करायचा, ते हसले की दोरी ओढायची. पुढे हाच गृहस्थ मोठा गणिती झाला आणि ध्रुवीय प्रकाशाचे फोटो काढू लागला. त्या प्रकाशाला परवानगी विचारावी लागत नाही.

आपल्या फोटोचा खरा मूळ पुरुष मात्र पॉल मार्टिन. जन्माने फ्रेंच, वाढला लंडनमध्ये, पोटापाण्याला लाकडावर चित्रं कोरायचा. मासिकांत थेट फोटो छापण्याची सोय झाली आणि ती कारागिरी बुडू लागली. ज्याने धंदा खाल्ला त्याच कॅमेऱ्याच्या तो नादी लागला. १८९२ साली त्याने ‘फॅसाइल’ नावाचा पेटीसारखा कॅमेरा घेतला. काखेत धरला तर पार्सल वाटावं असा, आत बारा काचा. तो घेऊन तो ग्रेट यारमथच्या समुद्रकिनाऱ्यावर गेला. एक दिवसाची सुट्टी, रेल्वेचं स्वस्त तिकीट, आणि वाळूत लवंडलेली कामकरी जोडपी. कोणी कोणाच्या मांडीवर डोकं ठेवलंय, कोणाचा हात कोणाच्या गळ्यात. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यात माणसं अशी वागत होती हे कुठल्याही स्टुडिओतल्या फोटोवरून कळलं नसतं. सहलीला गेलेलं जोडपं, मोकळी हवा, कॅमेऱ्याकडे लक्ष नाही: आजच्या कोटेशनमधल्या सगळ्या अटी तिथे पूर्ण होतात. फक्त जोडप्याला विचारलेलं नाही. हे फोटो सुंदर आहेत आणि चोरलेले आहेत. या दोन गोष्टींतली एक दुसरीला पुसून टाकते, असं मला वाटत नाही.

त्या वेळी हे कोणाला खटकलंच नाही असंही नाही. १८९० साली ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये वॉरन आणि ब्रँडाइस या वकिलांनी खासगीपणाच्या हक्कावर लेख लिहिला. त्यात वर्तमानपत्रांच्या बरोबरीने या झटपट फोटोंनाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं होतं. खासगीपणाच्या कायद्याची चर्चा आजही या लेखापासून सुरू होते. म्हणजे नकळत फोटो आणि ‘माझा फोटो का काढलास’ हा प्रश्न, दोघं एकाच पिढीतली भावंडं.

दुसरा आजारी माणूस ऑस्कर बार्नाक. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत कारागीर, रानात भटकायची हौस आणि दम्याचा विकार. काचांचा जड कॅमेरा घेऊन चढ चढवेना, म्हणून त्याने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी वापरून मुठीत मावेल असा कॅमेरा केला. नमुना १९१४च्या सुमाराचा. मध्ये महायुद्ध गेलं आणि १९२५ साली तो ‘लायका’ म्हणून बाजारात आला. रानात फिरताना न अडखळता फोटो काढता यावा, एवढ्यासाठी जन्मलेलं हे यंत्र. त्याच सुमाराला बर्लिनमध्ये कायद्याचा पदवीधर एरिख सालोमन एर्मानॉक्स कॅमेऱ्याचं मोठं भिंग घेऊन कोर्टात आणि राजनैतिक परिषदांत शिरत होता. पेंगणारे मंत्री त्याने टिपले. ‘कँडिड’ हे विशेषण फोटोला चिकटलं ते त्याच्या कामापासून. नाझींनी १९४४ साली त्याला आउश्वित्झमध्ये मारलं.

यानंतर कुळात एक विचित्र वळण येतं. १९५० साली ‘लाइफ’ मासिकाला पॅरिसच्या प्रेमिकांवर फोटोमालिका हवी होती. काम रोबेर द्वानोकडे आलं. नगरभवनासमोरच्या गर्दीत चालता चालता चुंबन घेणाऱ्या जोडप्याचा त्याचा फोटो नंतर पोस्टर होऊन जगभर भिंतींवर गेला. ‘हे आम्हीच’ म्हणत एका जोडप्याने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला दावा लावला, तेव्हा द्वानोने खरं सांगितलं: फोटोतली दोघं नाट्यशाळेचे विद्यार्थी होते, त्यांना विचारून, ठरवून तो फोटो घेतला होता. ती खरोखर एकमेकांच्या प्रेमात होती, एवढं मात्र खरं. रस्त्यात चुंबन घेणाऱ्या अनोळखी माणसांचा फोटो काढायचं आपलं धाडस झालं नसतं, अशी त्याची बाजू होती. बऱ्याच जणांना फसवल्यासारखं वाटलं. मला उलट वाटतं. चोरी सोडून विचारायला सुरुवात झाली, ती जागा ही. आजचा कँडिडवाला मार्टिनचा नव्हे, द्वानोचा वारस आहे.

आपल्याकडे जोडप्याचा असा गाफील फोटो इतकी वर्षं का पोचला नाही, याचं उत्तर संकोचात शोधतात. मी ते आधी खर्चात शोधेन. साठ-सत्तरच्या दशकांत मध्यमवर्गीय घरात कॅमेरा असलाच तर बडोद्याला बनणारा आग्फा क्लिक थ्री, आणि त्याच्या रोलवर फोटो बारा. महाबळेश्वरला किंवा माथेरानला मधुचंद्राला जाताना तो कोणाकडून तरी मागून आणलेला. बारांतला एकही वाया घालवायचा नाही, मग तयार नसलेल्या माणसाचा फोटो कोण काढेल? ‘हलू नको, पदर नीट कर, हं, आता’ असं म्हणूनच बटण दाबायचं. शिवाय त्याने तिचे काढायचे आणि तिने त्याचा एखादा. दोघांचा एकत्र हवा तर घोडेवाल्याच्या हातात कॅमेरा द्यायचा, आणि घोडेवाला पाय तरी कापणार नाहीतर डोकं तरी. मधुचंद्राच्या कित्येक अल्बमांत जोडपं असं दिसतच नाही. गाफील क्षण पकडायला शंभर फोटो वाया घालवायची ऐपत लागते. ती डिजिटल कॅमेऱ्याने दिली.

ऐपत आली तेव्हा दोन घराण्यांचं लग्न लागलं. एक घराणं अमेरिकेचं. तिथे डेनिस रेगीसारख्या फोटोग्राफरांनी वृत्तछायाचित्रणाची रीत लग्नमंडपात आणली: सूचना द्यायच्या नाहीत, घडेल ते टिपायचं. १९९६ साली धाकट्या जॉन केनेडीच्या लग्नात, चॅपेलच्या पायऱ्या उतरताना वराने वधूच्या हाताचं चुंबन घेतलं तो रेगीचा फोटो सगळीकडे छापून आला आणि या रीतीची जाहिरात झाली. दुसरं घराणं तैवानचं. तिथल्या ब्रायडल सलूनांनी १९९०च्या दशकापर्यंत लग्नाआधीच भाड्याचे पोशाख चढवून भरगच्च अल्बम काढायचा धंदा उभा केला होता. जेवणावळीच्या दाराशी तो पाहुण्यांसाठी मांडून ठेवत. त्यात सगळं बेतलेलं, नकळत काही नाही. आपलं ‘कँडिड प्री-वेडिंग’ या दोघांचं अपत्य. मुहूर्त, पोशाख आणि हौस तैवानकडची. मान वळवून दुसरीकडे बघणं अमेरिकेकडचं. अल्बमच्या जागी मंगल कार्यालयातला एलईडी पडदा आला, एवढाच फरक.

काम कसं चालतं तेही बघण्यासारखं आहे. चांगला फोटोग्राफर ७०-२०० मिलिमीटरचं लांब भिंग लावून दूर उभा राहतो. त्याने मागचं रान पुसट होतं, आणि जोडप्याच्या अंगावरचा कॅमेऱ्याचा दाब उतरतो. ‘पोझ द्या’ म्हणत नाही, काम देतो: त्या झाडापर्यंत चालत जा आणि परत या, तिला तिच्या पहिल्या फोनची आठवण करून दे. तो तिला सांगत असतो तोवर शटर चालूच, कारण यंत्र आता डोळ्यांवर आपोआप फोकस धरतं. अनुभवी माणसं ‘झालं, थँक्यू’ म्हणाल्यावरही कॅमेरा खाली घेत नाहीत. दोघं सुटकेचा श्वास सोडतात, ती चपला शोधते, तो तिचा गाउन वाळूतून उचलून धरतो, आणि अल्बममधला सर्वांत खरा फोटो तिथे मिळतो. रंगीत धुराच्या नळकांड्या आणि वाऱ्यावर उडवलेला दहा मीटरचा घोळ घेऊन आलेल्यांना तो सहसा मिळत नाही. कासच्या पठारावर फुलांत आडवं होणाऱ्यांना तर तो मिळूच नये.

आणि मार्टिनचा चोरटा वारसा संपला असंही नाही. वांद्र्याच्या बँडस्टँडवर किंवा मरीन ड्राइव्हवर दुपारच्या उन्हात छत्री आडवी धरून बसलेली जोडपी पाहिलीत? ती छत्री उन्हासाठी जेवढी, तेवढीच लांब भिंगांसाठी. आपल्याकडे असा एक फोटो घरी पोचला तर शिक्षण थांबू शकतं, मारहाण होऊ शकते; यारमथच्या वाळूत तेवढं पणाला लागलेलं नसावं. तेव्हा तुमच्या प्री-वेडिंगच्या फोटोत मागे खडकावर दुसरं एखादं जोडपं आलं असेल, तर एलईडीवर लावण्याआधी फोटोग्राफरला सांगून तेवढा भाग कापून घ्या. तुम्ही पैसे देऊन परवानगी दिलीत, त्यांनी दिलेली नाही.