मंजुघोषा आणि पणजी

परवा नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) वाचून संपवली. राजकन्या, प्रेम, विरह, अद्भुत योगायोग... आधी हसूच आलं. मग प्रस्तावना आठवली. लग्नाच्या चालीरीतींमुळे आपल्या लोकांच्या आयुष्यात मनोरंजक काही घडतच नाही, म्हणून अद्भुताकडे वळावं लागतं, असा तिचा सूर आहे. हसू थांबलं. आमच्या पणजीचं लग्न नवव्या वर्षी झालं होतं.

पण खरंच सांगण्याजोगं काही नव्हतं? ११ वर्षं आधी, १८५७ साली, बाबा पदमनजींनी 'यमुनापर्यटन'मध्ये विधवांची दुःखं मांडली होतीच की! गोष्टी होत्या, फक्त त्या प्रेमाच्या नव्हत्या. पणजीची गोष्ट मात्र आम्ही कुणी विचारलीच नाही. घरात कुणाला आठवत असेल तर कळवा. लिहून ठेवीन म्हणते.