साऊंड कार्ड वेगळं घ्यायचं की मदरबोर्डवरचं पुरेसं आहे?

नवीन पीसी असेंबल करायला बर्डीवर गेलात की कधीतरी हा प्रश्न येतोच: "साऊंड कार्ड टाकायचं का?" माझ्या ओळखीतले लोकही हेच विचारतात. माझं उत्तर असं, की फक्त ऐकायचं असेल तर बहुतेकांना गरज नाही. रेकॉर्डिंग करायचं असेल तर मात्र पुढचं नीट वाचा.

वेगळ्या कार्डाचा दबदबा जुना आहे. १९८९ मध्ये क्रिएटिव्हचं साऊंड ब्लास्टर आलं, तेव्हा साधा पीसी स्वतःहून फक्त 'बीप' करायचा. १९९७ मध्ये इंटेलने एसी ९७ हे मानक आणलं आणि आवाजाची चिप हळूहळू मदरबोर्डवरच येऊ लागली. त्या सुरुवातीच्या बोर्डांवर खरखर असायची, हे खरं. 'ऑनबोर्ड म्हणजे टाकाऊ' ही समजूत तेव्हाचीच आहे. पण २००४ मध्ये इंटेलचंच एचडी ऑडिओ आलं आणि चित्र बदललं. सीडीचा दर्जा म्हणजे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ, आजच्या साध्या बोर्डावरची रिअलटेकची चिपही त्याच्या पुढे जाते. गेमिंगसाठी कार्ड हवंच, हा मुद्दाही विंडोज व्हिस्टापासून जवळजवळ संपला, कारण कार्डावर होणारी बरीचशी प्रक्रिया तेव्हापासून विंडोज स्वतःच करू लागलं.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कोणी सांगत नाही. तुमचा हेडफोन ब्लूटूथ किंवा यूएसबी असेल, तर त्याचं स्वतःचं छोटं साऊंड कार्ड त्याच्या आतच असतं. तुम्ही पीसीत कितीही भारी कार्ड बसवा, आवाज त्यातून जातच नाही. पैसे वाया.

आता खरखरीबद्दल. कार्ड घेण्याआधी जॅक कॅबिनेटच्या पुढून काढून मागच्या हिरव्या पिनमध्ये लावून बघा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून, पंख्याजवळून आणि ग्राफिक्स कार्डाजवळून येते. बऱ्याचदा आवाज तिथेच घाण होतो. लॅपटॉप असेल तर चार्जर काढा. गुणगुण लगेच थांबली तर दोष चिपचा नाही, विजेच्या जोडणीचा किंवा चार्जरचा आहे. कित्येक जुन्या घरांत तीन पिनचा सॉकेट असतो, पण त्यात अर्थिंग जोडलेलंच नसतं. तिथे नवं यूएसबी कार्डही गुणगुणू शकतं. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, आणि गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन मात्र कधीच कापू नका.

नागपूरकरांसाठी खास: एप्रिल-मेमध्ये खोलीत कूलर चालू ठेवून ऑनलाइन क्लास घेणार असाल, तर कोणतंही कार्ड तुम्हाला वाचवणार नाही. माईक तोंडाजवळ आणा, नाहीतर तेवढा वेळ कूलर बंद करा.

वेगळं कार्ड खरोखर कामाला येतं ते जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवताना. आमच्याकडे वडिलांनी रेडिओवरून भरलेल्या कॅसेट होत्या, आजीचा आवाज असलेली एकही. अशी टेप वर्षानुवर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात तापलेली असते, ती पुन्हा पुन्हा वाजवण्याचा भरवसा नसतो. म्हणून पहिल्याच वेळी नीट उतरायला हवी. लॅपटॉपला आता एकच जॅक असतो, आणि त्यात आत येणारा आवाज माईकचा, तोही मोनो. टेपरेकॉर्डरच्या लाईन-आऊटमधून येणारा सिग्नल माईकच्या मानाने कितीतरी पट जोरदार असतो. तो माईकच्या जॅकमध्ये घातला की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर कोणत्याही सॉफ्टवेअरने पूर्ण नीट होत नाही. स्वस्तातल्या पेनड्राइव्हसारख्या यूएसबी कार्डांनाही बहुतेक वेळा माईकचाच जॅक असतो, तेव्हा ती या कामाला घेऊ नका.

डेस्कटॉपच्या मागे निळा जॅक असेल तर तो लाईन-इन. कॅसेटसाठी तोच वापरा, नवं काही घ्यायला नको. तो नसेल तर लाल-पांढरे आरसीए इनपुट असलेलं यूएसबी इंटरफेस घ्या. बेहरिंगरचं यूसीए २०२ याच प्रकारातलं आहे. ते १६ बिट, ४८ किलोहर्ट्‌झपर्यंतच जातं, पण कॅसेटमध्ये त्याहून जास्त काही नसतंच. मोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजू नका.

गाणं, तबला किंवा पॉडकास्ट चांगल्या माईकवर रेकॉर्ड करायचं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे एक्सएलआर जॅक, चांगला प्रीअँप आणि कंडेन्सर माईकसाठी ४८ व्होल्टचा फँटम पॉवर असलेलं ऑडिओ इंटरफेस लागतं. पीसीच्या आत बसणारं कार्ड नको, बाहेरचं घ्या. ते उद्या लॅपटॉपलाही लागेल.

घेण्याआधी घरी एक चाचणी करा. ऑडॅसिटी उघडा, सगळं शांत ठेवून ३० सेकंद रेकॉर्ड करा आणि मीटर बघा. पातळी उणे ६० डेसिबलच्या खाली राहत असेल, तर कॅसेटच्या कामाला आहे तेच पुरेल. टेपची स्वतःची सरसर साधारण याच्या वरच असते.