स्वारगेट ते काशीद : फणसाडच्या रानातून समुद्राकडे

पुण्यातील डोंगरभटक्यांची पावले बहुधा किल्ल्यांकडे वळतात. राजगड, तोरणा, सिंहगड पाठ असलेल्यांनाही जुने रान पायी ओलांडून थेट समुद्रावर उतरण्याची वाट क्वचितच ठाऊक असते. रायगड जिल्ह्याच्या मुरुड तालुक्यातील फणसाड अभयारण्यात तशी संधी आहे. मात्र ही भटकंती ‘एका दिवसाची’ म्हटली, तरी तिचा हिशेब आदल्या सायंकाळी स्वारगेटच्या फलाटावरच मांडावा लागतो.

फणसाडचे रान टिकले ते शिकारीमुळे, ही गोष्ट विचित्र वाटली तरी खरी आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांनी हे जंगल स्वतःच्या मृगयेसाठी राखून ठेवले आणि इतरांच्या कुऱ्हाडीला तेथे मज्जाव राहिला. 1948 मध्ये जंजिरा संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि 1986 मध्ये या वनाला अभयारण्याचा दर्जा मिळाला. पन्नास चौरस किलोमीटरांहून अधिक पसरलेल्या या टापूत ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, अंजनी असे वृक्ष आहेत. गारंबीचे मनगटाहून जाड वेल एका झाडावरून दुसऱ्यावर झेपावलेले दिसतात. राज्यप्राणी शेकरू येथे हमखास आढळतो. तो दिसण्यापूर्वी त्याचा खडखडाटी आवाजच ऐकू येतो. नीलवंत हे राज्य फुलपाखरूही येथलेच. बिबट्या, सांबर, भेकर, पिसोरी यांचा वावर असला, तरी ते दिसतीलच या अपेक्षेने जाऊ नये. गर्दीने आणि गलका करीत जाणाऱ्यांना तर झाडेही नीट दिसत नाहीत.

पायवाट सुपेगावाकडून सुरू करून पश्चिमेला समुद्राच्या दिशेने उतरावे, हा क्रम सोयीचा आहे. सकाळी सावलीतली चढण आणि अखेरीस किनाऱ्यालगतचा हमरस्ता असा त्याचा लाभ होतो. उलट क्रमाने गेल्यास थकल्या पायांनी सायंकाळी आडवळणाच्या गावात वाहन शोधत बसण्याची वेळ येते.

अडचण आहे ती वेळेची. पुण्याहून खोपोली, पेण, वडखळमार्गे अलिबाग गाठायलाच साधारण चार तास लागतात. घाटात आणि वडखळ नाक्यावर कोंडी झाल्यास त्याहून अधिक. पुढे चौल, रेवदंडा, कुंडलिकेच्या खाडीवरचा पूल, साळाव आणि तेथून आत सुपेगाव. पहाटे पाचला स्वारगेट सोडणाऱ्याची पहिली पावले रानात पडेपर्यंत अकरा वाजतात. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. म्हणजे वाट, जेवण, विसावा आणि समुद्र यांना मिळून सातच तास उरतात आणि त्यांतले निम्मे ऐन उन्हाचे. त्यामुळे शुक्रवारी सायंकाळी निघून रेवदंड्याला किंवा सुपेगावाजवळ मुक्काम करणे, हाच शहाणपणाचा मार्ग. स्वारगेटचे भुयारी मेट्रो स्थानक सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाल्याने पाठीवर बोजा घेऊन सायंकाळी बसस्थानकावर पोचणे सोपे झाले आहे. पहाटेच्या गाडीला मात्र मेट्रोचा उपयोग नाही. एस. टी.च्या वेळा बदलत असल्याने त्या स्थानकावरच विचारून घ्याव्यात. रेवदंड्याहून सुपेगावापर्यंतची रिक्षा आदल्या रात्रीच ठरवून ठेवावी.

अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. कोणती वाट खुली आहे हेही वनखातेच सांगते. पलीकडे किनाऱ्याकडे उतरायचे असल्यास ते आधीच स्पष्टपणे विचारावे. वाटाड्या गावातलाच घ्यावा. 3 जून 2020 च्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने या पट्ट्यात असंख्य झाडे उन्मळून पडली. त्यापूर्वीची वर्णने वाचून वाट शोधू पाहणारा हमखास फसतो. येथील पाणवठ्यांना ‘गाण’ म्हणतात. चिखलगाण, फणसाडगाण ही नावे वाटेवर कानी पडतील. ते पाणी जनावरांचे आहे. पदभ्रमण करणाऱ्याने माणशी तीन लिटर पाणी सोबतच न्यावे. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेत, कारण गोचीड आणि फुरसे दोन्ही येथे आहेत. सर्पदंश झाल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. जिल्हा रुग्णालय अलिबागला आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. मार्चनंतरचा कोकणी उकाडा पुणेकरांना सोसवत नाही.

सर्वांत मोठा धोका मात्र रान संपल्यावर समोर येतो. काशीदची पांढरी पुळण देखणी आहे, पण पाण्याला ओढ फार. 1 फेब्रुवारी 2016 रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील 14 विद्यार्थी बुडून मरण पावले. दिवसभर चालून घामेजलेला माणूस पाणी दिसताच धावतो, आणि तेव्हाच त्याच्या अंगात बळ कमी असते.

भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला हिशेब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची घटका स्थूलमानाने मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकराच्या सुमारास. तेथून सहा तासांनी पूर्ण ओहोटी. दुपारी तीनला काशीदला पोचणाऱ्याला पौर्णिमा-अमावस्येला उधाणाची ओहोटी भेटते, म्हणजे पाणी जोराने आत खेचत असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असल्याने ओढ तुलनेने सौम्य राहते. म्हणून तारीख ठरवताना सुट्ट्यांच्या यादीबरोबर पंचांगही उघडावे. जीवरक्षक नसेल तेथे घोट्यापलीकडे पाण्यात जाऊ नये, मग तिथी कोणतीही असो.

परतीसाठी काशीदहून रेवदंडा-अलिबागकडे जाणारी शेवटची गाडी कितीला, हे जातानाच टिपून ठेवावे. तिच्या आधी तासभर किनारा सोडला, की रस्त्यालगतच्या टपरीवर चहा-भजी घेण्याइतका वेळ उरतो.