मोजून काढलेल्या वास्तूची कुळकथा

वास्तुकलेच्या अभ्यासक्रमात पहिल्या दोन-तीन वर्षांत विद्यार्थ्यांच्या वाट्याला एक काम हमखास येते. उभी असलेली एखादी जुनी इमारत निवडायची, फीत, दोरी आणि ओळंबा घेऊन तिची अंगोपांगे मोजायची आणि त्या मापांवरून ती इमारत प्रमाणात कागदावर उतरवायची. महाविद्यालयांत या कामाला ‘मेजर्ड ड्रॉइंग’ म्हणतात; येथे त्यासाठी ‘मापचित्र’ हा शब्द वापरला आहे. मापचित्राच्या एका संचात बहुधा तीन प्रकारचे आराखडे असतात: इमारत आडवी कापून वरून पाहिली असता खोल्या आणि भिंती जशा दिसतील तो तलविन्यास, ती उभी कापली असता मजल्यांच्या आणि छपराच्या आतली रचना दाखवणारा छेद, आणि समोरून दिसणारे रूप दाखवणारी दर्शनी. हे काम विद्यार्थ्याचा डोळा आणि हात तयार व्हावा म्हणून नेमले गेले. इमारतीची नोंद राहावी हा त्याचा मूळ उद्देश नव्हता. तरीही इमारत पडल्यावर किंवा ओळखू येणार नाही इतकी बदलल्यावर अनेकदा हाच सरावाचा कागद तिचा सर्वांत विश्वसनीय पुरावा ठरतो, आणि म्हणूनच तो कोठून आला व कोठे जपला जातो याची चौकशी करणे अगत्याचे आहे.

युरोपातील या प्रथेचे मूळ फ्रान्सच्या राजाने १६६६ साली रोममध्ये स्थापलेल्या अकादमीपर्यंत नेता येते. पॅरिसमधील स्पर्धा जिंकणाऱ्या तरुण वास्तुकाराला पुढे काही वर्षे सरकारी खर्चाने रोममध्ये राहून प्राचीन अवशेष मोजावे लागत आणि त्यांची चित्रे दरवर्षी पॅरिसला पाठवावी लागत. अवशेष आज जसा आहे तसा एका कागदावर आणि तो मुळात जसा असावा असे वाटते तसा दुसऱ्या कागदावर काढण्याची रीत तेथे रुळली. हे दोन कागद वेगळे ठेवण्याची शिस्त ही त्या परंपरेची मोठी देणगी होय. कारण मोजलेले आणि कल्पिलेले एकाच रेषेत मिसळले की पुढच्या अभ्यासकाला त्यांतले काही वेगळे काढता येत नाही. त्या विद्यार्थ्यांनी पाठवलेली चित्रे पॅरिसच्या कलाविद्यालयाच्या संग्रहात अद्याप आहेत.

मराठी मुलखात मात्र ही विद्या शाळेच्या आधी दरबारात आली. इंग्रजांचा पुण्यातील वकील चार्ल्स मॅलेट याच्या पदरी गंगाराम चिंतामण नवगिरे-तांबट नावाचा एक पुणेकर चित्रकार होता, आणि पेशव्यांच्या प्राणिसंग्रहातील गेंड्याचे त्याने काढलेले १७९० सालचे चित्र आजही उपलब्ध आहे. १७९२ मध्ये जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यास आला, सवाई माधवरावांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली, आणि गंगाराम तेथे वेल्सच्या पद्धतीत तयार झाला. वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढताना त्याने देवळाचे रूप तर टिपलेच, परंतु खांबांची रांग, दालनांची मांडणी आणि कोरीव कामाची जागा यांचीही नोंद केली. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याच्या चित्रांच्या आधारे टॉमस डॅनियल याने वेरूळवरील चित्रसंग्रह १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला, आणि गंगारामाची अनेक चित्रे फिरत फिरत अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात जाऊन पोहोचली. पुण्याच्या तांबट आळीशी नाते सांगणाऱ्या कलावंताचे काम पाहण्यासाठी समुद्रापार जावे लागते ही गोष्ट क्लेशदायक आहे. पण ते काम टिकले ते तेथे कोणीतरी कागदाला जागा दिली म्हणूनच, हेही तितक्याच स्पष्टपणे मान्य केले पाहिजे.

या कथेचा सातारा जिल्ह्याशी असलेला संबंध वेल्सच्याच एका चित्रातून दिसतो. सवाई माधवरावांसह त्याने ज्यांना रंगवले ते नाना फडणवीस वाईजवळच्या मेणवलीचे इनामदार होते. ते गाव त्यांना १७६८ च्या सुमारास औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांच्याकडून मिळाले. तेथे कृष्णेच्या काठी त्यांनी सहा चौकांचा वाडा आणि घाट बांधला. आज वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या अभ्याससहली ज्या वाड्यापर्यंत येतात तो हाच.

चित्रशाळेनंतरची मोठी घटना मुंबईतील सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेची. तिचे अधीक्षक जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती तयार केल्या. त्या लंडनला पाठवण्यात आल्या आणि तेथे १८८५ साली लागलेल्या आगीत त्यांतल्या कित्येक जळाल्या, तर उरलेल्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात राहिल्या. विद्यार्थ्यांचे काम एकाच ठिकाणी, एकाच प्रतीत ठेवले तर काय होते याचा इतका कडू धडा दुसरा नसेल.

याच शाळेत १८९६ मध्ये आरेखकांसाठी, म्हणजे वास्तुकारांच्या कचेरीत नकाशे काढणाऱ्यांसाठी, वर्ग सुरू झाला. १९०८ मध्ये सरकारचे सल्लागार वास्तुकार जॉन बेग यांच्या मार्गदर्शनाखाली चार वर्षांचा अभ्यासक्रम आखला गेला आणि १९१३ मध्ये रॉबर्ट केबल यांची पूर्णवेळ प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी १९१७ साली जॉर्ज विटेट यांच्या अध्यक्षतेखाली जी संघटना काढली तिच्यातूनच १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ उभी राहिली, म्हणजे देशभरातील वास्तुकारांच्या संस्थेचे मूळ एका विद्यार्थीसंघात आहे. मापचित्राला मात्र खरे स्थान दिले ते १९२३ ते १९४३ या काळात या शाळेची धुरा वाहणाऱ्या क्लॉड बॅटली यांनी. भारतीय वास्तूची प्रमाणे पुस्तकातून शिकता येत नाहीत, ती जागेवर जाऊन फितीने मोजावी लागतात, अशी त्यांची धारणा होती, आणि त्यांनी १९३४ मध्ये प्रसिद्ध केलेला भारतीय वास्तुरचनेच्या विकासावरील चित्रसंग्रह अशाच मापचित्रांवर उभा होता. विद्यार्थ्याचा स्वाध्याय छापील ग्रंथाच्या योग्यतेचा ठरू शकतो हे येथे सिद्ध झाले.

याच सुमारास, १९३३ मध्ये, अमेरिकेत ऐतिहासिक इमारतींचे सर्वेक्षण सुरू झाले. मंदीत बेकार झालेल्या वास्तुकारांना इमारती मोजण्याचे काम देण्यात आले आणि तयार झालेली चित्रे काँग्रेसच्या ग्रंथालयात ठेवण्याची व्यवस्था आरंभापासूनच करण्यात आली. ही योजना सुचवणाऱ्या चार्ल्स पीटरसन यांच्या नावाने १९८३ पासून विद्यार्थ्यांच्या मापचित्रांना पारितोषिक दिले जाते आणि स्पर्धेसाठी आलेली चित्रे त्याच संग्रहात दाखल होतात. आपल्याकडेही वास्तुकला विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघटनेची लुई कान यांच्या नावाची ढालस्पर्धा मापन-नोंदींसाठीच आहे आणि तिच्यासाठी विद्यार्थी अपार कष्ट घेतात. पण आपल्या महाविद्यालयांत पुष्कळदा सबमिशन होते, ज्युरी म्हणजे परीक्षकांपुढील सादरीकरण होते, गुण मिळतात, आणि मग शीट घरी नेल्या जातात किंवा कपाटावर गुंडाळून पडतात. मापचित्राची कुळकथा आपल्याकडे नेमकी याच ठिकाणी तुटते.

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांत ही तूट विशेष जाणवते. हे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत बहुतांशी एकाच सातारा जिल्ह्यात किंवा लहान-मोठ्या संस्थानांत विभागलेले होते. त्या वर्षी दक्षिण सातारा हा जिल्हा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या गॅझेटियरच्या सातारा खंडात येथील देवळे, किल्ले, लेणी यांची वर्णने आहेत, परंतु शब्दांतले वर्णन आणि मापांतले चित्र यांत फार अंतर असते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपात या भागातील घरे कोसळली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, पांढऱ्या मातीच्या भिंती पाण्यात भिजून बसल्या आणि शहरातील जुन्या ग्रंथांनाही पाणी लागले. इमारत आणि कागद दोन्ही एकाच पुरात जाऊ शकतात हे सांगलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही.

मापचित्र म्हणजे काय हे समजण्यासाठी साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारा मोटांची विहीर उत्तम. तेथील शिलालेखानुसार ती शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ. स. १७१९ ते १७२४ या काळात विरुबाई भोसले यांनी बांधून घेतली. मुख्य विहीर अष्टकोनी असून तिला जोडून आयताकृती विहीर आहे आणि दोहोंच्या मध्ये कमानींवर तोललेला छोटा महाल आहे. तिची खोली सुमारे ११० फूट आणि व्यास सुमारे ५० फूट असे सर्वत्र सांगितले जाते. हे गोल आकडे पाहुण्याला पुरतात, पण मापचित्र करणाऱ्याला ते निरुपयोगी असतात, कारण त्याला आठही बाजू स्वतंत्रपणे मोजाव्या लागतात. प्रत्येक बाजू सारखी आहे असे गृहीत धरले की चूक झालीच. म्हणून कोपऱ्या-कोपऱ्यांतील कर्णही घ्यावे लागतात; तीन बाजू पक्क्या झाल्या की त्रिकोणाचा आकार हलत नाही, या साध्या नियमावर सगळे मापन उभे असते. कमानींच्या उंचीसाठी ओळंबा सोडतात, आणि पाण्याखालच्या भागाची खोली वजन बांधलेल्या दोरीने घेतात व ती त्या दिवशीच्या पाण्याच्या पातळीसह लिहून ठेवतात.

वाड्याचे मोजमाप याहून वेगळ्या कारणाने अवघड असते. दोन तुळयांमधील अंतराला खण म्हणतात आणि घराचा विस्तार खणांत सांगण्याची रीत होती. बांधणारे गवंडी आणि सुतार गज आणि तसू या मापांत बोलत, २४ तसूंचा एक गज होई. विद्यार्थी मात्र मीटर-सेंटिमीटरांत मोजतो. त्याने ओसरी, माजघर, देवडी यांची मापे केवळ दशांशांत लिहिली, तर मूळ कारागिराच्या हिशेबातील पूर्ण संख्या दिसेनाशा होतात आणि वाड्याची रचना कोणत्या पटीवर बेतली होती हे हरवते. जाणत्या मार्गदर्शकाने दोन्ही मापे शेजारी लिहून घ्यावीत, आणि घरात राहणारी मंडळी त्या जागेला जे नाव देतात तेही कागदावर उतरवून घ्यावे.

येथेच जतनाचा मुख्य प्रश्न उभा राहतो. संग्रह करणाऱ्या संस्था बहुधा शाईने सुबक काढलेली अंतिम शीट स्वीकारतात आणि जागेवर पेन्सिलीने केलेल्या कच्च्या नोंदींची वही टाकून देतात. वस्तुतः पुराव्याच्या दृष्टीने वहीच अधिक मोलाची असते. शीट काढताना विद्यार्थी वाकडी भिंत नकळत सरळ करतो, एका बाजूला खचलेला उंबरा समतल दाखवतो, दोन झरोक्यांतला बोटभर फरक पुसून टाकतो. वहीत मात्र ती तफावत आकड्यांत शिल्लक असते, आणि भिंत कधी व कोणत्या बाजूला कलली हे पन्नास वर्षांनी सांगायचे झाल्यास तोच एक आधार उरतो. म्हणून मोजणीची तारीख, वापरलेली साधने, कोणत्या जागी पोहोचता आले नाही याची कबुली आणि मोजणाऱ्यांची नावे या चार गोष्टी नसलेली सुंदर शीटही अपुरी समजावी.

प्रतिकृतींची, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत ‘मॉडेल’ची, अवस्था आणखी बिकट असते. थर्माकोल, पुठ्ठा, बाल्सा लाकूड आणि डिंक एकत्र आले की काही वर्षांत सांधे सुटतात, रंग पिवळटतो आणि जागेच्या टंचाईत सर्वांत आधी तीच बाहेर जातात. सगळी मॉडेल ठेवणे कोणत्याही महाविद्यालयाला शक्य नाही. पण मोजपट्टी शेजारी ठेवून चारही बाजूंनी व वरून छायाचित्रे घेणे आणि साहित्याची नोंद करणे सहज शक्य आहे. ट्रेसिंग कागद गुंडाळून ठेवल्यास ठिसूळ होतो, चिकटपट्टीचे डाग कागदात उतरतात, म्हणून शीट सपाट खणांत, आम्लरहित कागदांच्या मध्ये ठेवाव्यात. संगणकावरील आराखड्यांनी हा प्रश्न सुटलेला नाही. ज्या प्रणालीत फाइल तयार झाली ती प्रणालीच पुढे उघडत नाही, चकत्या खराब होतात. त्यामुळे प्रत्येक फाइलची छापील प्रत आणि सर्वत्र वाचता येईल अशा स्वरूपातील दुसरी प्रत हवीच.

विद्यार्थ्याच्या नोंदीचे मोल साताऱ्याला अपरिचित नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातील शाळेच्या नोंदवहीत १९१४ या क्रमांकावर भिवा रामजी आंबेडकर हे नाव लिहिले गेले. ती नोंदवही जपली गेली म्हणूनच तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळता येतो. साताऱ्यातच द. ब. पारसनीस यांनी जमवलेला कागदांचा आणि चित्रांचा मोठा संग्रह पुढे १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला आणि अभ्यासकांना खुला झाला. ज्या प्रदेशाने दफ्तरे जपण्याचे एवढे काम केले त्याला विद्यार्थ्यांच्या शीट जपणे जड जाऊ नये.

पश्चिम महाराष्ट्रातील वास्तुकला महाविद्यालयांनी यापुढे प्रत्येक मापचित्राची एक प्रत, कच्च्या वहीसह, पूररेषेच्या वर असलेल्या सार्वजनिक संग्रहात द्यावी आणि दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवावी. वाड्यांच्या मालकांनी मोजणीस परवानगी देताना आपल्यासाठी एक प्रत मागून घ्यावी. आणि ज्या वास्तुकारांच्या माळ्यावर विद्यार्थिदशेतील शीट अजून पडून आहेत, त्यांनी येत्या पावसाळ्याआधी त्या खाली काढाव्यात, त्यांवर इमारतीचे नाव, गाव आणि वर्ष लिहावे व त्या जवळच्या संग्रहालयाच्या स्वाधीन कराव्यात.