वाडीच्या भिंतीवरचा तारपा

आमच्या गावच्या आदिवासीवाडीतल्या समाजमंदिराच्या भिंतीवर एक चित्र आहे. गेरूच्या रंगावर पांढऱ्या रेषा, मधे तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणाऱ्या माणसांचा गोल. चार वर्षांपूर्वी सुशोभीकरणाचा निधी आला तेव्हा पोरं म्हणाली, 'तू इंजिनीअर आहेस, एखादं डिझाईन दे.' मी 'वारली फ्री व्हेक्टर' असं सर्च केलं, पहिल्या पानावरची फाईल उचलली आणि पेंटरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली. पाच मिनिटांचं काम.

ही वाडी माणगाव तालुक्यातली आहे आणि तिथे वारली राहत नाहीत. तिथे कातकरी राहतात. हे मला तेव्हाही माहीत होतं. फक्त त्यामुळे काही बिघडतं, असं वाटलं नव्हतं.

वाटलं ते टोरंटोत. तीन महिने क्लायंटकडे होतो. शनिवार-रविवारी थंडीमुळे बाहेर फिरणं जमेना, म्हणून तिथल्या आर्ट गॅलरी ऑफ ओंटारिओत जाऊन बसायचो, आत हीटर छान असतो. तिथे इनुइट लोकांच्या दगडी मूर्ती आणि छापचित्रं आहेत. आपण शाळेत ज्यांना 'एस्किमो' म्हणून शिकलो, इग्लू आणि कुत्र्यांची गाडी एवढंच ज्यांचं चित्र पुस्तकात होतं, ते हे लोक. परत येताना दुकानात त्यांच्याच नक्षीचे फ्रिजवर चिकटवायचे मॅग्नेट दिसले. उलटून बघितलं तर कुठल्या तरी कारखान्यात बनवलेलं प्लॅस्टिक. तेव्हा मला माझी व्हेक्टर फाईल आठवली.

मग रात्री जागून वाचत गेलो. दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवल्या तर चक्रावायला होतं.

पहिली गोष्ट. १९४८ मध्ये जेम्स ह्यूस्टन नावाचा तरुण कॅनेडियन चित्रकार उत्तरेला इनुकजुआकला गेला. तिथे लोकांनी कोरलेल्या छोट्या मूर्ती बघून हरखला. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियलमध्ये त्यांची विक्री लागली आणि तीन दिवसांत सगळा माल संपला. कोल्ह्याच्या कातड्याचा बाजार तेव्हा कोसळला होता, लोक शिकारीचे तळ सोडून सरकारी वस्त्यांकडे येत होते, हाताला काम हवं होतं. सरकारला ही वाट सोयीची वाटली. ह्यूस्टन पुढे केप डॉर्सेटला राहिला, त्या गावाला आता किन्नगाइत म्हणतात. ओसुइटोक नावाच्या कोरीव काम करणाऱ्याने एकदा सिगारेटच्या पाकिटांवरचं खलाशाचं डोकं बघून म्हटलं, तेच तेच चित्र प्रत्येक पाकिटावर काढत बसायचं म्हणजे कंटाळवाणं काम असेल. छपाई समजावून सांगायला शब्द नव्हते, म्हणून ह्यूस्टनने ओसुइटोकनेच कोरलेल्या सुळ्याला शाई फासली आणि त्यावर पातळ कागद दाबून दाखवला. तिथून सुरुवात. १९५८ मध्ये ह्यूस्टन जपानला जाऊन उनिची हिरात्सुका या ज्येष्ठ कलाकाराकडे छपाई शिकून आला. १९५९ मध्ये गावाची सहकारी संस्था उभी राहिली आणि पहिला छापचित्रांचा संच निघाला. लाकूड मिळत नाही अशा प्रदेशात जपानी पद्धत दगडावर उतरली.

दुसरी गोष्ट आपल्याकडची. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी नावाचा चित्रकार हस्तकला मंडळाच्या कामासाठी, पुपुल जयकर यांच्या सांगण्यावरून, डहाणूच्या पाड्यांवर फिरत होता. त्याआधी बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांच्या हाती कागद देणारा माणूसही हाच. वारल्यांकडे चित्र भिंतीवर असायचं आणि लग्नाच्या वेळी असायचं. सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या, मधे पालघट देवी, आणि धवलेरी गाणी म्हणायची. चौक झाल्याशिवाय लग्न लागत नसे. ब्रश म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. कुलकर्णींनी कागद पुढे केला तेव्हा बायका बुजल्या आणि गंजाडचा जिव्या सोमा मशे पुढे आला, असं सांगतात. लहानपणी आई गेल्यावर तो बोलायचा थांबला होता आणि मातीत रेघोट्या ओढून सांगायचा म्हणे. या माणसाने लग्नाशिवायही, रोजच्या रोज, वाटेल ते काढलं. एक मासेमारीचं जाळं तर असं काढलं की त्यातली एकेक गाठ मोजावी. १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार, १९८९ मध्ये पॅरिसचं मोठं प्रदर्शन, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते गेले.

बाहेरून आलेला शहरी चित्रकार, हातात कागद, मागे सरकारी खातं. साचा एकच. पण एक फरक मला सारखा टोचतो. आपल्याकडे बायकांची विधीतली कला कागदावर आली आणि आधी नाव झालं ते पुरुषाचं. तिकडे उलट. केनोजुआक अशेवाक ही बाई कातडी कापून, शिवून नक्षीच्या पिशव्या बनवायची. तिच्या अशाच एका सीलच्या कातड्याच्या पिशवीवरून तिचं पहिलं छापचित्र निघालं. १९६० मध्ये तिने पिसं सूर्यकिरणांसारखी फाकलेलं एक घुबड काढलं. पन्नास प्रती निघाल्या, १९७० मध्ये ते टपाल तिकिटावर आलं. २०१८ मध्ये त्यातली एक प्रत लिलावात २ लाखांहून जास्त डॉलरला गेली. केनोजुआक त्याआधी पाच वर्षं गेली होती.

माझ्यासारख्या डेटाबेसवाल्याला हादरवणारी गोष्ट वेगळीच. इनुइटांना आडनावं नसायची. सरकारी बाबूंना नोंदी ठेवणं जमेना, म्हणून १९४० च्या दशकात प्रत्येकाला नंबर कोरलेली एक चकती दिली, गळ्यात घालायला. अक्षरशः प्रायमरी की. जुन्या कितीतरी मूर्तींच्या तळाशी सही म्हणून तो नंबरच आहे. त्यांना आडनावं मिळाली ती १९७० च्या आसपास, तीही सरकारी मोहिमेतून.

नक्कल दोन्हीकडे लगेच आली. कॅनडाने १९५८ मध्येच अस्सल मालासाठी इग्लूच्या चित्राचं लेबल काढलं, आणि २०१७ मध्ये त्याचा ताबा इनुइट कलाकारांसाठी काम करणाऱ्या संस्थेकडे आला. वारली चित्रांना २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यानंतरही आमच्या पुण्याच्या ऑफिसातल्या कॅन्टीनमध्ये, मुंबई–गोवा हायवेवरच्या मिसळीच्या हॉटेलात, बहिणीच्या लग्नपत्रिकेवर तेच नाचणारे. पत्रिकेचा डिझायनरही मीच होतो, हेही कबूल करून टाकतो.

केप डॉर्सेटच्याच अ‍ॅनी पूटूगुकची चित्रं पाहून मात्र मी बराच वेळ थांबलो. १९६९ चा जन्म. तिने घुबडं, अस्वलं फारशी काढली नाहीत. रंगीत पेन्सिलने स्वयंपाकघर काढलं, टीव्हीसमोर जमिनीवर बसून सील खाणारं घर काढलं, दुकानातली रांग काढली, नवऱ्याची मारहाण काढली. २००६ मध्ये तिला कॅनडातला मोठा सोबी पुरस्कार मिळाला. दहा वर्षांनी ओटावात तिचा मृतदेह नदीत सापडला. पारंपरिक नाही म्हणून तिच्या चित्रांकडे बघून नाकं मुरडणारे असणारच. पण बर्फातल्या माणसाच्या घरात टीव्ही आहे, हे बाहेरच्यांना तिने सांगितलं. आपल्या व्हेक्टरमध्ये मोबाईलचा टॉवर का नसतो? वारली पाड्यात तो आहे की.

यंदा मे महिन्यात गावी आलो. भिंतीचा रंग पोपडे धरून गळतोय. पुन्हा निधी आलाय, पुन्हा निरोप आला, नवीन फाईल दे. या खेपेला लॅपटॉप न उघडता वाडीत गेलो. अर्धी वाडी वीटभट्टीवर होती, पाऊस पडला की परतणार. आमच्याकडे खेकडे घेऊन येणारी आजी ओट्यावर बसली होती. भिंतीकडे बोट करून विचारलं, आजी, हे काय आहे?

"ता आमचा नाय, दादा. डहाणूकडल्या वारल्यांचा."

मग तुमचं काय काढू, असं विचारलं. मनात कातभट्टी होती. खैराच्या लाकडाचा कात काढायचे म्हणून कातकरी, हे मी नुकतंच वाचलेलं, आणि चित्र डोक्यात तयारही झालं होतं. म्हणजे पुन्हा मीच ठरवत होतो. आजी हसली. कात तिनेही कधी काढला नव्हता.

"वाडीचा नाव लिव. मोठा, रस्त्यावरना दिसंल असा. सूनबाईच्या टायमाला अँब्युलन्स पुढच्या फाट्यावर जाऊन उभी ऱ्हायली, पोरं धावत गेली आणायला."

पेंटरला फोन केला. तो म्हणाला, सुशोभीकरणाच्या निधीत नुसतं नाव बसत नाही, बाजूला काहीतरी नक्षी लागते. आजीच्या नातवाकडे दहावीची चित्रकलेची वही आहे, ती त्याने मला दाखवली. पहिल्याच पानावर वीटभट्टी आहे, आणि ट्रक.